मेन कोणी पाडला

त्रेसष्ट टक्के झाले होते. मी माझ्या डोळ्यानं पाहिले. पडद्यावर चांगलं मराठीत लिहून होतं, 'अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका.' मी मांडवात चटया टाकायले अंगणात गेली, अन् घरातला पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळंच थांबलं.

"लाइन गेली का व?" मी ओरडली.

"लाइन नाही गेली. मी मेन पाडला," रुचिचे बाबा स्टुलावरून बोलले. हातात पकड, खांद्यावर वायरचं बंडल. "मांडवातल्या कूलरले जोडून राहिलो. दोन मिनिटं थांब."

"अजी, कॉम्प्युटर सुरू होता न!"

"मी कुठी कॉम्प्युटर बंद केला? मी त मेन पाडला."

आता या माणसाले काय म्हणावं! पंचवीस वर्षं झाली लग्नाले, धनेंद्र नावाच्या या माणसाले बटन अन् मेन यातला संबंध मी सांगू? आमच्या कामठ्यात कोणाकडंही लग्न असो, मांडव टाकला की घरचे बाप्पे मीटरच्या बोर्डाले लोंबतात. दिवसातून चारदा मेन पाडतील, चारदा चढवतील, घरात कोणाले विचारणार नाहीत. कोणाचं मिक्सर अडकते, कोणाचा फोन चार्जिंगले असते. बाया ओरडतात, बाप्पे म्हणतात, दोन मिनिटं.

लाइन आली. कॉम्प्युटर सुरू केला. कंपनीचं चित्र आलं, खाली टिंबांचं चक्र फिरलं, बंद झाला. आपोआप पुन्हा सुरू झाला, पुन्हा चक्र, पुन्हा बंद. असं पाच वेळा. मग निळा पडदा आला अन् त्यावर लिहून आलं की तुमचा पीसी नीट सुरू झाला नाही. म्हटलं, मले दिसून राहिलं न बाबा, तू कायले सांगतं!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्या डब्यात माय होती.

माय म्हणजे माझी सासू, सुशिलाबाई. आमच्या पोवारांत लग्नाचा एकेक दस्तूर बायांच्या गाण्यानं पुढं सरकते. मांडवाचं गाणं वेगळं, हळदीचं वेगळं, कांकण बांधायचं वेगळं. गावात कोणाचंही लग्न असो, पहिली ओळ मायनंच उचलायची, मग बाकीच्या मागं म्हणणार. दोन वर्षांआधी मी तिची गाणी मोबाइलमध्ये भरली अन् कॉम्प्युटरमध्ये टाकली. एकतीस गाणी. तेव्हा माय म्हणाली होती, "रुचिच्या हळदीले मी असो नसो, गाणं माझंच लागलं पाहिजे." मी हो म्हटलं. माय आहे, पण लकवा मारला तिले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. सपरीत, समोरच्या ओसरीवर, खाटेवर बसून राहते, नुसती पाहते.

अन् रुचिची हळद आजच संध्याकाळी.

हो, अपडेटचं बटन मीच दाबलं होतं. तीन दिवसांपासून तो चौकोन मध्ये मध्ये येऊन राहिला होता, म्हटलं होऊन जाऊ दे एकदाचं. पण मी बटन दाबलं, मेन पाडला नाही!

"आई, मी तुले दहादा म्हटलं होतं, पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेव," रुचि म्हणाली. नवरी झाली तरी शहाणपण सांगायचं सोडत नाही.

"तू गप बस. तुह्या बापाले शिकव."

गोंदियाले दुकानवाल्या हिमांशूले फोन लावला. त्याच्याकडूनच घेतला होता हा डबा. तो म्हणे, "भाभीजी, फॉरमॅट मारना पडेगा. परसों लेके आओ."

"अन् अंदर का सामान?"

"वो तो उड जाएगा. उसमें क्या था, फोटो-वोटो?"

"मेरी सास थी!" म्हटलं अन् फोन कापला. म्हणे फोटो-वोटो!

रुचिचे बाबा दारातून म्हणाले, "मारू दे न फॉरमॅट. यूट्यूबवर हळदीचे शंभर गाणे आहेत, एखादं लावून देऊ."

मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडं. निघून गेले.

मी काही कोणाच्या भरोशावर बसणारी नाही. एमएस-सीआयटी केली आहे मी, रुचि कडेवर असताना. त्या निळ्या पडद्यावर 'प्रगत पर्याय' होतं, ते दाबलं. आधी स्टार्टअप दुरुस्ती केली. वीस मिनिटं खाल्ली अन् म्हणे दुरुस्त करता आलं नाही. मग अपडेट काढून टाकायचं सापडलं. त्यात दोन होते, एक लहान, एक मोठा. लहान काढून पाहिला, नाही निघाला. मांडवावर जांभळीचे डगाले, पानासकट फांद्या, चढून राहिले होते, पाहुणे चहा मागून राहिले होते, अन् मी पदर खोचून त्या डब्यापुढं. मोठा दाबला. चक्र फिरायले लागलं, 'बंद करू नका' पुन्हा आलं.

तशी मी उठली. मीटरच्या बोर्डाखाली खुर्ची टाकली, हातात बेलणं घेतलं अन् बसली.

"भूमेश्वरी, तो हॅलोजन जोडायचा होता," रुचिचे बाबा स्टूल घेऊन आले.

"हात लावून दाखवा."

"अवं, पाहुणे पाहून राहिले."

"पाहू द्या! मायचा आवाज त्यात आहे, तुमच्या मायचा! अर्ध्यात बंद केलं तुम्ही. कोणाचं चालू आहे, काय चालू आहे, विचारायची पद्धत आहे का तुमच्या घराण्यात? आपलं काम तेवढं काम, दुसऱ्याचं गेलं खड्ड्यात!"

सपरीतून माय पाहून राहिली होती. मनात म्हटलं, पाह्य माय, तुह्यासाठी भांडून राहिली.

चाळीस मिनिटं मी तशीच बसली. चार वाजता आतून रुचि ओरडली, "आई, सुरू झाला!"

धावतच गेली. सगळं जागच्या जागी. 'मायचे गाणे' नावाचं फोल्डर, एकतीसच्या एकतीस. माझ्या डोळ्याले पाणी आलं. रुचिनं आधी पेनड्राइव्हमध्ये सगळी उतरवून घेतली. मग म्हटलं, हळदीचं एकदा ऐकून घेऊ. ते शेवटचं होतं, एकतिसावं.

मायचा आवाज निघाला, जाड, खणखणीत. रुचिचे बाबाही दारात येऊन उभे राहिले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी उचलली अन् मध्येच दुसरा आवाज आला.

"पुरे कर न व माय! भात करपून राहिला माझा. उद्या म्हणजो."

"आब याद से मोला," माय पोवारीत म्हणाली. म्हणजे, आता आठवून राहिलं मले. "आबच भर."

"तुले काही काम नाही, मले आहे न! ठेव आता."

खट्. बंद.

रुचिनं पुढं सरकवून पाहिलं. पुढं काहीच नव्हतं. एक्केचाळीस सेकंद.

मी हे विसरून गेली होती. खरंच विसरली होती. त्या दिवशी सोमवार होता. मंगळवारी सकाळी माय लकव्यानं मोरीपाशी पडली.

रुचिचे बाबा माझ्याकडं पाहून राहिले. सकाळपासून मी त्या माणसाले काय काय बोलली. बोलले असते तर बरं झालं असतं. ते स्टूल उचलून बाहेर गेले.

"आई, तुझा आवाज कापून टाकू का? दोन ओळी त दोन ओळी," रुचि हळूच म्हणाली.

"नको. आहे तसं लाव."

संध्याकाळी मांडवात पाटावर रुचि बसली. मायची खाट बाहेर आणली, तिच्या डाव्या हातात हळदीची वाटी दिली. बाया भोवती बसल्या, स्पीकर लावला. मायचा आवाज मांडवभर झाला, तशा म्हाताऱ्या बाया एकमेकींकडं पाहून हसल्या अन् मागं म्हणायले लागल्या. मग माझा आवाज आला. भात करपून राहिला माझा. तुले काही काम नाही. सगळ्या गावानं ऐकलं. खट् वाजलं अन् बाया माझ्याकडं पाहायले लागल्या.

मी मायकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती. वाटीत बोटं बुडवून स्पीकरकडं पाहून राहिली होती, पुढची ओळ येईल म्हणून.