सांभाळणाऱ्याचं नाव

“पॅकेज तयार हाय. फकस्त तुजी सही मार,” म्हणत वाल्मिकने लॅपटॉप पुढे सरकवला.

सही करण्याआधी कल्याण पॅकेज उघडून बघायचा. चौदा वर्षांची सवय. नागापूरच्या याच दोन खोल्यांत दोघा मित्रांनी साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. धंदा उभा राहीपर्यंत दोन वर्षं दोघंही कल्याणच्या आईच्या हातचं जेवले.

काट्यांवर लिनक्सचे कॉम्प्युटर. आधी कल्याण पेनड्राइव्ह घेऊन कारखाने हिंडायचा. एक फाईल भलत्या जागी पडली की काटा बंद. मग तो लिनक्सच्या नेमाने पॅकेज बांधायला शिकला. कुठली फाईल कुठे जाईल, आधी काय लागेल, सगळं त्यात लिहायचं. शिवाय पॅकेज सांभाळणाऱ्याचं, म्हणजे कल्याणचं, नाव. वर कल्याणची डिजिटल सही. तिच्याशिवाय कारखान्याचा कॉम्प्युटर पॅकेज आत घेत नसे.

आज सांभाळणाऱ्याच्या जागी वाल्मिकचं नाव होतं. खालच्या जुन्या नोंदींतही प्रत्येक दुरुस्तीपुढे तोच. आईच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी कल्याणने जामखेडला घरच्या ओट्यावर बसून केलेली दुरुस्तीसुद्धा वाल्मिकची झाली होती.

“हे काय?”

“पुण्याची कंपनी आपल्याला इकत घेतीय. त्यांना समदं एकाच्याच नावावर पाहिजे. तुजी नोकरी हाय की.”

“मला इचारलं न्हाईस.”

“इचारलं असतं तर तू न्हाईच म्हनला असतास.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कल्याणला राग आला. याला आपण भाऊ समजत होतो, याची त्याहून जास्त लाज वाटली.

सही नाकारणं सोपं होतं. पण उद्या गळीत सुरू होणार होतं आणि जुन्या पॅकेजवर यंदाचा हंगाम चालणार नव्हता. जामखेडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उसाच्या गाड्या घेऊन काट्यापुढे दिवसभर ताटकळल्या असत्या. त्याच रांगेत त्याच्या आईने वीस वर्षं काढली होती. त्याने पासवर्ड टाकून सही केली.

“आता पासवर्ड बी सांग. पुढच्या खेपंला माजा मी करीन.”

“तुला ठावं हाय. दोन वर्सं जिच्या हातची भाकर खाल्लीस, तिचं नाव.”

वाल्मिकने लॅपटॉप ओढून घेतला, कीबोर्डवर बोटं ठेवली, आणि ती तशीच राहिली. तो तिला नुसतं मावशी म्हणायचा.

कल्याणने डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या.

“कल्याण, काय नाव हुतं रं मावशीचं?”

कल्याण जिना उतरत होता.