तळहातांआडची कळ

सायराकानच्या दाराशी बुटांचा असा ढीग पडला होता, की परक्याला वाटावं आत लग्न आहे. आत कढईत तेल तापत होतं. गुरुवारी तळणाचा वास घराबाहेर गेला की गेलेली माणसं तृप्त होतात, म्हणून आमच्या कोचकोरच्या खोऱ्यात घरोघर कणकेचे बोरसोक तळतात. पण त्या दिवशी कढईत फुगणाऱ्या त्या पिवळ्या तुकड्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या संगणकावर होत्या.

त्यातून तिलेक येणार होता. सायराकानचा एकुलता एक मुलगा. हिवाळ्यात घाटातल्या बर्फाखाली गेलेला.

"सरका, सरका! आत्म्याला वाट द्या!" झापार ओरडला. त्याच्या हातात आर्चाच्या झाडाच्या सुक्या फांद्यांची धुरी होती. "मागे कोण खोकतंय? धूर सोसत नसेल तर बाहेर हो बाबा. आत्मे दमेकऱ्यांच्या घरात येत नाहीत."

हा झापार बाजारात संगणक दुरुस्त करायचा. तिलेक गेल्यावर त्याचा संगणक अडून बसला, तेव्हा सायराकाननं तो झापारकडे धाडला. परत आला तो रिकामा. फोटो नाहीत, गाणी नाहीत, नुसता निळा पडदा. "मालकाबरोबर गेलं सगळं," असं म्हणून झापारनं डोळे मिटले आणि उघडले ते 'उघड्या डोळ्यांचा' होऊन. अदृश्य बघणाऱ्याला आमच्याकडे हेच नाव आहे. तेव्हापासून दर गुरुवारी तो ह्या घरी येऊ लागला. एका गुरुवारी परत गेला तो तिलेकच्या घोडीवर बसून. "पैशाला मी शिवत नाही," असं मात्र सगळ्यांना सांगायचा.

मी शाळेत मुलांना संगणक शिकवतो. तिलेक माझाच विद्यार्थी. त्या दिवशी मी आलो ते तिलेकसाठी नाही, त्याच्या लेकीसाठी.

आयदाय चुलीजवळ आईच्या मांडीवर पडली होती. तांब्यामागून तांब्या पाणी पिणारी, तरी ओठ सुकलेली. गावच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, "रक्तात साखर भडकलीय. आजच्या आज जिल्ह्याला न्या. इंजेक्शन मिळालं तर वाचेल." मी वाकलो तर तिच्या श्वासाला सडक्या सफरचंदांचा वास येत होता.

"बघा, बघा मास्तर!" झापार म्हणाला. "फळांचा वास! बाप तिला तिकडच्या बागेतली सफरचंदं भरवतोय!"

बायकांनी डोळ्यांना डोईच्या रुमालांची टोकं लावली. तो बागेचा वास नव्हता. साखर वापरता येईना म्हणून पोरीचं अंग स्वतःचीच चरबी जाळत होतं, त्याचा तो वास होता.

झापारनं संगणकाची कळ दाबली, धुरी फिरवली आणि तळहात वर उचलले. "बाता करा! ओमीन!"

सगळ्यांचे तळहात वर गेले आणि चेहऱ्यांवरून खाली आले. आमच्यात जेवणानंतर, निघताना, मयताच्या घरी अशीच बाता, म्हणजे दुआ, होते. तेवढा वेळ खोलीभर डोळे मिटलेले असतात. माझेही मिटले.

उघडले तेव्हा पडद्यावर तिलेक हसत होता. खाली मोठी अक्षरं होती: आई, मी इथंच आहे. माझ्या लेकीला सुया टोचू नका. झापार सांगेल तसं करा.

आणि मग त्याचा आवाज, कोमुझच्या तारांवर:

*नीज माझ्या कोकरा, बर्फ निजला दूर,*
*घोडीच्या गं दुधावरती चांदण्याचा पूर.*

सायराकान पडद्याला गाल लावून रडू लागली. "आलास रे! आलास माझ्या राजा!"

"अपा," मी सायराकानला म्हणालो, "गाडी दारात उभी आहे. आपण पोरीला—"

"ऐकलं नाहीस तू? माझं लेकरू नको म्हणतंय!" ती माझ्यावर तडकली. "तू कोण लागून गेलास?"

मी बाहेर अंगणात आलो. मीरगुल, तिलेकची बायको, पोरीला छातीशी धरून माझ्या मागे आली. सासूच्या घरात ती मोठ्यानं बोलत नसे. आताही कुजबुजलीच.

"मास्तर, मी डोळे मिटले नाहीत."

"म्हणजे?"

"हात रिकामे कुठं होते? दोन्ही हातांत ही होती. बाता करायची तर हिला खाली ठेवावं लागलं असतं." तिनं पोरीला घट्ट धरलं. "सगळ्यांचे चेहरे झाकले, तेव्हा झापारनं वरच्या रांगेतली एक कळ टकटक दाबली. मग बाणाची. आणि मग हे... मास्तर, आत खरंच असले हो ते, तर मी त्यांना खोटं पाडतेय का?"

मी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. एवढंच म्हणालो, "तो आत असेल तर तू कळ दाबल्यानं पळून जाणार नाही."

आम्ही परत आत गेलो. मीरगुलनं आयदायला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि टेबलाशी गेली. सून भरल्या बैठकीत अशी पुढे आलेली कुणी पाहिली नव्हती.

"ए सूनबाई, चहा ओत जा!" झापार हसला.

"ओतते. आधी हे बंद करते." तिनं संगणक बंद केला.

"अगं, आत्मा अर्ध्यात—"

"आता बाता नको," मी मोठ्यानं म्हणालो. "सगळे डोळे उघडे ठेवा."

"उघड्या डोळ्यांपुढं आत्मा येत नाही!" झापार धुरी नाचवत आडवा आला.

मागून एक म्हातारा म्हणाला, "अरे, तू तर उघड्या डोळ्यांचा ना? मग आमच्या डोळ्यांशी तुझं काय वाकडं?" कुणीतरी खुदकन हसलं. झापारला बाजूला व्हावं लागलं.

मीरगुलनं यंत्र चालू केलं आणि तीच कळ टकटक दाबली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन ओळी आल्या. तिनं वरची निवडली. निळा पडदा, रिकामा. बंद करून पुन्हा तेच केलं आणि खालची निवडली. तिलेक हसला.

मागची माणसं माना उंचावून पुढे सरकली.

मी खिशातल्या चाकूनं डब्याची बाजू उघडली. आत दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर कित्येक वर्षांची धूळ, दुसरी नवी कोरी. "हे दोन दारांचं घर आहे," मी म्हणालो. "जुन्या डिस्कवर तिलेकचं सगळं आहे, त्याच्या पाळण्यासकट. झापारनं दुसरी डिस्क बसवली, तीवर रिकामी व्यवस्था टाकली आणि यंत्राला शिकवलं की आधी हिच्याकडे जा. म्हणून सगळं गेलं असं वाटलं. गेलं कुठंच नव्हतं. चालू होताना ही कळ दाबली की यंत्र विचारतं, कुठल्या दारानं जाऊ?"

"आणि ती अक्षरं?" सायराकानचा आवाज फाटला होता. "ती तर माझ्या मुलाची!"

मीरगुलनं यंत्र सुरू होताच आपोआप येणारं ते अक्षरांचं पान उघडलं, सासूच्या डोळ्यांदेखत जुनं पुसलं आणि एकेक अक्षर ठोकत नवं लिहिलं. मग संगणक बंद करून तिनं पुन्हा तेच दार उघडलं.

तिलेक हसला. त्याच्या हसण्याखाली आता लिहिलं होतं: आई, आयदायला दवाखान्यात ने.

सायराकाननं ते वाचलं. सुनेच्या बोटांकडे पाहिलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे तो बोलत नाही?"

"नाही, आई."

"म्हणजे तो गेला."

"गेले, आई." मीरगुल पहिल्यांदा हुंदका देऊन रडली. "हिवाळ्यातच गेले."

त्या म्हातारीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मयताच्या दिवशीही निघाला नव्हता. तिचा मुलगा त्या दुपारी दुसऱ्यांदा मेला, आणि ह्या वेळी मारणाऱ्यांत मीही होतो. झापार केव्हा बूट शोधायला गेला ते कुणी पाहिलं नाही. सायराकाननं मात्र पोरीला छातीशी कवटाळलं आणि अनवाणीच गाडीकडे धावली.

घाटभर ती नातीच्या कानाशी तोच पाळणा म्हणत होती, मोडक्या आवाजात, कडवी विसरत. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी पोरीचा श्वास हुंगला आणि आम्हाला काही न विचारता ते धावत सुटले. संध्याकाळी म्हणाले, रात्र गेली असती तर पोरही गेली असती.

आयदाय जगली. तिला रोज सुई लागते, आयुष्यभर लागेल. ह्यात चमत्कार नाही, चांगलं औषध आहे. संगणकात आता एकच डिस्क आहे, धूळ बसलेली. गुरुवारी सायराकान बोरसोक तळते, पाळणा लावते आणि रडते. तिला कुणी अडवत नाही. आठवण काढायला कुणा झापारची गरज लागत नाही.

गेलेल्यांसाठी तळहात जरूर उचला. पण जो तुमचे डोळे मिटवून स्वतःचे उघडे ठेवतो, त्याच्या हातांकडे नजर ठेवा. आणि घरात कुणी आजारी असेल तर आधी त्याला उचला. मीरगुलचे हात लेकरानं भरलेले होते, म्हणून तिला दिसलं.