डाक आवृत्तीतली चौकट

मावशीने आगगाडीने पाठवलेली काचेची बरणी शाबूत पोहोचली, पण तिच्याभोवतीचा कागद उलगडताना टाचणीचे हात थांबले. अंगाने बारीक आणि प्रश्न टोचणारे, म्हणून छापखान्यात सगळे तिला टाचणी म्हणत. तिच्याआधी त्या वर्तमानपत्रात बाई बातमीदार झाली नव्हती, आणि पुन्हा होऊ नये अशी बऱ्याच जणांची इच्छा होती.

कागद त्यांच्याच वर्तमानपत्राचा, अठरा दिवसांपूर्वीचा. शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत तीन ओळी होत्या : मालकांचे थोरले बंधू आज दुपारी झोपेतच निवर्तले.

थोरले बंधू त्याच दिवशी गेले, हे शेंबडं पोरही सांगेल. पण झोपेत नव्हे. संध्याकाळी पाचला डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यावर बोटांचे वळ पाहिले. मालकांनी पोलिसांना सांगितलं, मला पाचपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं, दुपारी वर दादाच्या खोलीत गेला तो फक्त घरचा गाडीवान. तेव्हापासून गाडीवान कोठडीत होता. सोमवारी खटला, आणि तो फासावर जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याची बायको टाचणीला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिली होती, "ते तेव्हा घोड्याला नाल ठोकायला गेले होते हो."

आणि हा अंक तर डाक आवृत्तीचा. बाहेरगावचा अंक दोनला छापून तीनच्या गाडीने जातो. म्हणजे पाचला कळलेलं मरण दोनलाच छापून झालं होतं.

तिने तो कागद बाबांसमोर ठेवला. बाबा तिथले मुख्य जुळारी, तीस वर्षं उभ्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत आलेले. तापातही न थांबणारा त्यांचा हात थांबला.

"हा मजकूर कोणी दिला, बाबा?"

त्यांनी आधी दार लोटलं. "मालकांनी. एक वाजता. म्हणाले, दादा गेला, घरात अजून कोणाला सांगितलं नाही, आज रात्रीच्या शहर आवृत्तीत घे. संध्याकाळी डॉक्टर येऊन गेल्यावर धावत आले, स्वतःच्या अक्षरातला कागद परत नेला आणि जुळवलेलं सगळं माझ्याकडून मोडून घेतलं."

"मग डाकेत कसं आलं?"

"तीन ओळींची जागा उरली होती. मला कॉलम रिकामा सोडवत नाही गं."

जित्याची खोड! हाताशी जे तयार असेल ते बाबा रिकाम्या जागेत बसवत, आणि मालक डाक आवृत्ती कधी उघडूनही बघत नसत.

"आणि अठरा दिवस तुम्ही मूग गिळून बसलात? तुम्ही घेरी येऊन पडलात तेव्हा त्याच गाडीवानाने घरी आणलं होतं."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू? तुझी नोकरीसुद्धा त्यांनी माझ्याकडे बघून दिली."

टाचणीला बाबांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण क्षणभर तिलाही ती नोकरी हातची सोडवेना. फौजदाराकडे जावं, तर तो मालकांच्याच पंगतीला. शेवटी तिने चाळीस ओळी लिहिल्या, बाबांच्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता ती आली तेव्हा डाक आवृत्तीचं पहिलं पान बांधून तयार होतं. मधोमध मालकांचा लेख होता, थोरल्या भावाच्या आठवणी. बाबांनी दोरी सोडली आणि तो अख्खा लेख उचलून बाजूला ठेवला. भरलेला कॉलम त्यांनी आपणहून रिकामा केलेला तिने आजवर पाहिला नव्हता.

"न्यायाधीश राहतात त्या गावी डाक आवृत्तीच जाते," ते म्हणाले आणि रिकाम्या जागेत तिची बातमी बसवली. मग शाई फिरवून एक नमुना काढून तिच्या हातात दिला. "तपास."

तिने ओळी मोजल्या. त्रेचाळीस होत्या. शेवटच्या तीन तिने लिहिल्याच नव्हत्या : 'ती चौकट मी जुळवली. मजकूर मालकांनी एक वाजता दिला. अठरा दिवस गप्प राहिलो, आता साक्ष देईन. मुख्य जुळारी.'

"बाबा, तुम्हालाही धरतील."

"धरू देत."

तीनला अंक घेऊन निघालेल्या गाडीची शिट्टी ऐकू आली. बाबांनी शाईचे हात धुतले, अंगरखा घातला आणि मालकांच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याकडे तोंड करून स्टुलावर बसले. टाचणीने शेजारी दुसरं स्टूल ओढलं. वर मालकांची खुर्ची सरकली.