पांढरी एक

मयुरानं वर्षभर डूख धरला होता, आणि या कामात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

गेल्या वर्षी, शहाण्णव साली, 'स्वरांकुर'च्या शालेय स्पर्धेत देवयानी तिच्या आधी गायली. मयुराच्याच वहीतल्या ताना, मयुराच्याच क्रमानं! वही 'फक्त बघायला' म्हणून नेली होती बाईसाहेबांनी. मागून मयुरा गायली तर परीक्षक भर हॉलमध्ये म्हणाले, "बेटा, मैत्रिणीची नक्कल करू नये." देवयानी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

'स्वरांकुर' म्हणजे दिल्लीतल्या चार-सहा मराठी आयांची संस्था. शाळांना पेटी-तबला मिळवून द्यायचा, गाण्याचे मास्तर गाठून द्यायचे, आणि जानेवारीत स्पर्धा. पहिली येईल तिला पुण्यात महिनाभराचं शिबिर. पंधरा वर्षांपर्यंतच भाग घेता येई, म्हणजे दोघींची ही शेवटचीच संधी. पुण्याला मीच जाणार, असं मयुरानं आरशाला बजावून ठेवलं होतं.

संस्थेच्या सुहासिनीमावशी लक्ष्मीबाई नगरात मयुराच्या घराच्या वरच राहायच्या. "बाकीच्या पोरांचं मराठी वाचवत नाही गं. तुझं अक्षर मोत्यासारखं. एवढे फॉर्म रजिस्टरमध्ये उतरवून दे."

उतरवता उतरवता देवयानीचा फॉर्म आला. राग भूप. पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरणार ते: पांढरी एक.

मयुरा आधी चक्रावली, मग उशीत तोंड खुपसून हसली. देवयानी जन्मापासून काळी चारची, म्हणजे पेटीवर चार सूर खालची!

झालं होतं असं. देवयानीच्या बाबांनी सरकारी नोकरी सोडून विदेशी कंपनी धरली, नोएडात फ्लॅट घेतला, आणि लेकीला कॅसिओ कीबोर्ड आणला. त्याला एक बटण होतं. ते दाबलं की सगळे सूर खाली सरकायचे. बोट पांढरी एकवर, आवाज काळी चारचा. वास्तुशांतीला मयुरानं ते स्वतः दाबून पाहिलं होतं. देवयानीनं आपलं बोट पाहिलं आणि फॉर्म भरला. पण संस्थेच्या पेटीला असलं बटण कुठलं! तिथला पांढरी एकचा सा तिला चार सूर उंच पडणार होता.

स्पर्धेच्या दिवशी करोल बागेतल्या हॉलच्या दारातच देवयानी भेटली.

"हाय यार! फॉर्म तूच उतरवलेस ना? माझं सगळं ठीक आहे ना गं?"

एक शब्द पुरला असता. तबला लावायला अजून वेळ होता. मयुरानं तोंड उघडलंही. मग तिला त्या टाळ्या आठवल्या.

"बिल्कुल," ती गोड हसली. "एकदम ठीक."

पेटीनं सूर दिला आणि देवयानीचा चेहरा उतरला. "सर, थोडं खाली..."

"तबला लावून झालाय बेटा. फॉर्मवर आहे तीच पट्टी. नियम आहे."

आलाप तिनं कसाबसा रेटला. वरच्या सावर आवाज फाटला, वरच्या गंधारावर पार चिरकला. मागच्या रांगेतली दोन पोरं खी खी हसली. मयुरा हसली नाही. ती मांडीवर ताल धरून बसली होती, एकही मात्रा न चुकवता.

मग ती स्वतः गायली. वर्षभराचा राग होता, तो सगळा गळ्यात उतरला. पहिला नंबर!

बाहेर जिन्यात देवयानीनं तिला गाठलं. डोळे लाल.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुला, मयुरा!"

"वही नेताना मीही विचारलं होतं. काय म्हणाली होतीस, 'फक्त बघते'?"

देवयानी नाक पुसत उतरून गेली.

आता वाईट वाटेल म्हणून मयुरा दोन मिनिटं कठड्याला टेकून थांबली. वाटलं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती. आई खाली आली तशी ती म्हणाली, "चल ना, छोले-कुलचे खाऊ. आणि माझी मोठी बॅग माळ्यावरून आजच काढायची हं."