जावयाचा वाटा

शनिवार आला की तोक्तारला हुरूप यायचा. एरवी सोफ्यावरून उठायला खळखळ करणारा हा माणूस सुपरमार्केटच्या दारात पोचला की ट्रॉली अशी पारखायचा, जणू घोडाच विकत घ्यायचाय. दोन-तीन पुढेमागे ढकलायचा, वाकून चाकं बघायचा, आणि एवढं करून नेमकी तीच घ्यायचा जी एका बाजूला ओढ खाते. मग सगळ्या दुकानभर कुल्याशने तिचं तोंड सरळ धरायचं. अख्ख्या पावलोदार शहरात वाकडी ट्रॉली एकच आहे आणि ती आपल्या नवऱ्याची वाट बघत दारात उभी असते, असं तिचं ठाम मत होतं.

"अहो, आज रेंगाळू नका," ती म्हणाली. "आधी मांसाचं काउंटर. बाकी सगळं मागून."

"आणि हलवा?"

"हलवा कुठे पळून जात नाही. मेंढीची छाती मात्र संपते."

तोक्तार गुमान चालू लागला. छाती कशासाठी हवी, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

उद्या रविवारी त्यांची लेक गाउहार आणि तिचा नवरा सायात जेवायला यायचे होते. सोमवारी दोघं कायमचे अक्ताऊला निघणार होते, पार समुद्राकाठी, रेल्वेने तीन दिवसांच्या वाटेवर. गाउहार एकटी अधूनमधून डोकावून जायची. सायातने मात्र लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आणि त्याला कारण कुल्याश होती, दुसरं कुणी नाही.

कझाक रिवाज असा, की जावई पहिल्यांदा घरी आला की मेंढी कापायची आणि सासूने तिची छाती जावयापुढे ठेवायची. तोंडाने काही बोलावं लागत नाही. ताटात छाती आली की तो या घरचा जावई, विषय संपला. पण कुल्याशला हा जावई पसंत नव्हता. पोरगी दातांची डॉक्टर, आणि हा खाणीवर क्रेन चालवणारा, वर एकदा लग्न मोडलेला. तिच्या मनात एका नोटरीचा मुलगा होता. तर हिने काय करावं, छाती ठेवली आपल्या भाच्यापुढे आणि सायातच्या ताटात मानेचं हाड टाकलं. चुकून नाही, चांगलं बघून, निवडून टाकलं. घरभर पाहुणे होते आणि झाडून सगळ्यांनी पाहिलं. सायातने हाड नीट साफ केलं, हात पुसले, शेवटच्या दुव्याला तोंडावरून हात फिरवून आमीन म्हणाला आणि उठला. चार वर्षं झाली त्याला. त्या दिवशी कुल्याशला वाटलं होतं, बरी जिरवली. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

मांसाचं काउंटर दुकानाच्या पार टोकाला. का, तर मांस घ्यायला निघालेल्या माणसाने वाटेत मोजे, धुण्याची पावडर आणि प्लास्टिकचं एखादं बदकही घ्यावं. शिवाय दर आठवड्याला हे लोक सामानाच्या जागा बदलतात. मागच्या शनिवारी चहा होता तिथे आज कुत्र्यांचं खाणं होतं. तोक्तारने एक पुडा उचलला, लांब धरून वाचला आणि मान डोलावली.

"यात जेवढं मांस आहे तेवढं आपल्या सॉसेजमध्ये नसतं बघ."

"ठेवा ते खाली."

गोठवलेल्या डंपलिंगच्या फ्रीजपाशी शेवटी व्हायचं तेच झालं. समोरून झाउरे आली, जुनी शेजारीण. आता नुसतं हसून कसं सुटणार?

"कुल्याश, माणसं, गुरंढोरं सगळी सुखरूप ना?"

"सुखरूप. तुमची गुरंढोरं?"

"देवाची कृपा आहे."

झाउरे नवव्या मजल्यावर राहते. गुरंढोरं म्हणाल तर तिच्याकडे एक मांजर आहे, तेही एका डोळ्याने आंधळं. पण विचारायचं ते विचारावंच लागतं, आणि त्यानंतर मुलं, सुना, नातवंडं, नवऱ्याचा गुडघा, असं ओळीने सगळं घर घ्यावं लागतं. कुल्याश तोंडाने उत्तरं देत होती आणि डोळे झाउरेच्या खांद्यावरून काउंटरवरच्या रांगेवर होते.

"घाईत दिसतेस?" झाउरेने विचारलं.

"उद्या जावई यायचाय."

झाउरे त्या जेवणाला होती. तिने डंपलिंगचा एक पुडा उचलला आणि परत ठेवून दिला.

"चांगलं करतेस," ती म्हणाली. "जा, थांबू नकोस."

काउंटरवर ल्यूदा होती. एकच छाती उरली होती, काचेमागे, आणि एक पोरसवदा माणूस सूपसाठी तिचे बारीक तुकडे करून मागत होता. कुल्याशने त्याला बाजूला सारलंच म्हणा ना.

"ल्यूदा, ती अख्खी मला दे. सुरी लावायची नाही."

ल्यूदा रशियन खरी, पण जन्म सगळा इथेच गेलेला. तिने त्या माणसाला सांगितलं, "सूप कशाचंही होतं हो, यांना जावयाला वाढायचंय," आणि छाती कागदात बांधायला घेतली. "नवीन लग्न वाटतं?"

"चार वर्षं झाली."

ल्यूदाचे हात थांबले. "आणि आता वाढताय?"

"आता वाढतेय," कुल्याश म्हणाली आणि तिला मान वर करवेना.

पण पुडकं ट्रॉलीत पडलं आणि तिला हलकं वाटायला लागलं. तिने मनातल्या मनात उद्याचं पान मांडलं. सायातला आत, मानाच्या जागी बसवायचं. तबक आपल्याच हाताने न्यायचं, दोन्ही हातांनी. भाच्याला बोलवायचंच नाही. तोक्तारने सुट्ट्या गोळ्यांच्या डब्यातून एक चाखायला उचलली, मग खात्री करायला दुसरी, तरी ती काही बोलली नाही. हलवासुद्धा तिनेच त्याच्यासाठी घेतला, बदामाचा.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" तोक्तारने विचारलं.

आणि बिलाच्या रांगेकडे वळताना तिला सायात दिसला.

त्याच्या हातात टोपली होती. तिच्यात झटपट नूडल्सचे पुडे, पाव, उकडलेलं सॉसेज, चहाच्या पुड्या, ओल्या टिश्यूंचं पाकीट. कुल्याशला वाटलं, पोरगा उद्या रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून काहीबाही घेतोय. तिला गलबलून आलं. तेवढ्यात त्यानेही पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि पुढे येऊन सासऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मग थोरल्या बाईला म्हणतात तसं आपा म्हणत तिच्यापुढे मान लववली.

"आपा, बऱ्या आहात ना?"

"अरे, उद्यासाठी काही घेऊ नकोस," ती म्हणाली. "घरी सगळं आहे."

सायात गोंधळला. "गाउहार सकाळपासून फोन लावतेय तुम्हाला. घेतला नाहीत का?"

फोन स्वयंपाकघरात होता, चार्जिंगला लावलेला.

"आपा, आमचं आजच निघायचं ठरलं. कंपनीने तिकीट बदललं, पाचची गाडी आहे. ती सामान बांधतेय, मी वाटेत खायला काही घ्यायला धावत आलो. तुम्ही दोघं स्टेशनवर तरी या म्हणत होती."

तोक्तारने घड्याळात बघितलं आणि हात खिशात घातला. तीन वाजून गेले होते. मेंढीची छाती शिजायला निदान दोन तास. वर घरी जायचं, पान मांडायचं, त्याला बसवायचं. कुल्याशने मनात पुन्हा पुन्हा हिशोब मांडला आणि तो काही केल्या बसेना.

मागून दह्याचे डबे घेतलेल्या एका बाईने विचारलं, "रांगेत आहात का तुम्ही?"

"तुम्ही व्हा पुढे," तोक्तार म्हणाला.

कुल्याशने ट्रॉलीतलं पुडकं उचललं आणि सायातपुढे धरलं. दोन्ही हातांनी.

"हे घे."

कागदाच्या एका टोकातून बरगड्या दिसत होत्या. काय आहे ते त्याला कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आपा, राहू दे हे."

"तेव्हाच द्यायला हवं होतं," कुल्याश म्हणाली. दहीवाली बाई ऐकत होती, बिल करणारी मुलगी ऐकत होती, पण आता कुणाची लाज धरायची? "मी मुद्दाम केलं, सायात. तुला उठवायचं होतं मला माझ्या घरातून. तुझी काही चूक नव्हती. चार वर्षं रोज वाटतंय, बोलवावं, आणि रोज म्हणतेय, पुढच्या रविवारी."

सायातने पुडकं हातात घेतलं.

"अक्ताऊहून दोन वर्षांपूर्वीच बोलावणं आलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं. "गाउहार म्हणाली, इथेच राहू. आई आज ना उद्या बोलावेल तुला. मीही म्हटलं, राहू. सणासुदीला दोघं कपडे घालून बसायचो, आपा. तुमचा फोन येईल म्हणून."

"मग आता घे," कुल्याश म्हणाली. "घे रे बाळा. तिथे गेल्यावर शिजवा."

सायातने ते पुडकं परत तिच्या ट्रॉलीत ठेवलं. खालचा हलवा चेपू नये म्हणून तो आधी बाजूला सारला, मगच ठेवलं.

"कच्चं आहे, आपा," तो म्हणाला. "तीन दिवसांची गाडी. टिकायचं नाही."