तीन टोपल्या

माझा धंदाच संशयाचा आहे. विमा कंपनीत मी दाव्यांची चौकशी करते. गोदामाला आग लागली, दुकानात पाणी शिरलं, ट्रक उलटला, की तिथे जायचं आणि जे घडलं म्हणतात ते खरंच घडलं का ते बघायचं. बावीस वर्षं हेच करते आहे. घरी मला चौकशीबाई म्हणतात आणि त्यात कौतुकाचा भाग फारसा नसतो.

माझी पद्धत साधी आहे. एकच गोष्ट माणसाला तीन वेळा विचारायची, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा. खरं सांगणारा तिन्ही वेळा थोडं वेगळं सांगतो. तो अडखळतो, मागे जातो, आधी धूर दिसला की आधी वास आला यावर स्वतःशीच वाद घालतो. खोटं सांगणारा मात्र तिन्ही वेळा तेच सांगतो, त्याच शब्दांत. खोटं पाठ करावं लागतं, खरं कोण पाठ करतं?

तर सोमवारी सकाळी बाबा नाश्त्याला बसले आणि म्हणाले, "गुरुवारी मी येत नाही."

गुरुवारी त्यांचं ऑपरेशन होतं. पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली होती, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. फुटली तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते ऑपरेशन करणारे सर्जन बाहेरून यायचे, दोन महिन्यांतून एकदा. गुरुवार चुकला की थेट दोन महिन्यांनी. तेवढे दिवस फुगा टिकेल का, या प्रश्नावर डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले होते.

"येत नाही म्हणजे?" मी विचारलं.

"मला स्वप्न पडलं. माझ्या डोक्यावर तीन टोपल्या होत्या. टोपल्यांत पांढरे पाव होते. सगळ्यात वरच्या टोपलीतले पाव पक्षी खात होते."

"बरं, मग?"

"मग काही नाही. काल पुन्हा तेच पडलं. दोनदा पडलं म्हणजे ठरलेलं असतं. आज सोमवार, मंगळ, बुध, गुरुवार. तीन टोपल्या, तीन दिवस."

एवढं बोलून त्यांनी पाव दुधात बुडवला आणि शांतपणे खाल्ला. माझा घास मात्र तिथेच राहिला.

ही गोष्ट मला माहीत होती, कारण आठवड्यापूर्वीच मी ती कानांनी ऐकली होती. बाबा पाववाले आहेत, त्यांची स्वतःची भट्टी आहे. दुपारी भट्टी निवते तेव्हा त्यांचे एक मित्र दुकानात येऊन बसतात. ते कॉलेजात जुन्या भाषा शिकवायचे, आता निवृत्त झालेत. आम्ही त्यांना हिब्रूकाका म्हणतो. ते जाड चष्म्यातून हिब्रू शास्त्रं वाचतात, तिथल्या तिथे आपल्या भाषेत सांगतात, आणि बाबा पाव भाजायचे पत्रे घासत ऐकतात. त्या दिवशी योसेफाची गोष्ट चालली होती. तुरुंगात राजाचे दोन नोकर असतात, एक पेला भरणारा आणि एक पाववाला. दोघांना एकाच रात्री स्वप्नं पडतात. पेलेवाला द्राक्षाच्या तीन फांद्या बघतो. योसेफ सांगतो, तीन दिवसांत तू सुटशील. पाववाला डोक्यावर तीन टोपल्या बघतो, वरच्या टोपलीत पक्षी चोच मारताना बघतो. त्याला योसेफ सांगतो, तीन दिवसांत तुला फासावर चढवतील. आणि चढवतातच. पुढे राजालाही स्वप्न पडतं, तेही दोनदा, आणि योसेफ म्हणतो की दोनदा पडलं म्हणजे देवाने नक्की केलं आहे.

आता बघा. ज्या दुकानदाराला पॉलिसीची कलमं तोंडपाठ असतात, त्याच्या आगीवर मी आधी शंका घेते. इथे तीन दिवसांचं कलम होतं, दोनदाचं कलम होतं, पक्षीसुद्धा वरच्याच टोपलीत होते. पाणी कुठेतरी मुरत होतं. आणि बाबांच्या आसपास ही कलमं ठाऊक असलेला माणूस एकच होता.

सरळ सांगते, हिब्रूकाकांवर माझा आधीपासूनच संशय होता. निवृत्त झाल्यापासून त्यांना ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. मग गल्लीतली माणसं त्यांना स्वप्नांचे अर्थ विचारू लागली, आणि त्यांची मान जरा ताठ झाली. शिंपीणबाई विचारून गेल्या, औषधाच्या दुकानातला विचारून गेला. वर काकांचा डॉक्टरांवर राग. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते बिघडलं, तेव्हापासून ते दवाखान्याच्या रस्त्यानेही जात नाहीत. अशा माणसाला माझ्या बापाच्या जिवावर आपली विद्या पाजळायला मिळाली असेल, तर तो सोडेल का?

दुपारी मी रजा टाकली आणि थेट त्यांच्या घरी गेले.

त्यांची खोली म्हणजे पुस्तकांतून जायला ठेवलेली वाट. एका खुर्चीवर ते, दुसऱ्या खुर्चीवर शब्दकोश. त्यांनी शब्दकोश जमिनीवर ठेवला आणि मला बसवलं.

"तुम्ही बाबांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"स्वप्नाचा अर्थ तुम्ही सांगितला नाहीत?"

"त्याने मला अर्थ विचारलाच नाही, बाळ. आला, स्वप्न सांगितलं, अर्थही स्वतःच सांगितला आणि गेला. रविवारी दुपारी."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसलो."

"का? इतर वेळी तर गल्लीभर अर्थ वाटत फिरता."

हे मी बोलायला नको होतं. ते चष्मा पुसत बसले. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण खोटं बोलणारी माणसं चष्मा फार पुसतात. पण त्यांची काच खरंच मळली होती.

"योसेफ अर्थ सांगायच्या आधी दर वेळी काय म्हणतो, ऐकलं होतंस?" ते म्हणाले. "म्हणतो, अर्थ सांगणं देवाचं काम. ते वाक्य लोक विसरतात. मीही विसरतो, कबूल आहे. शिंपीणबाईंना मी उगाच काहीबाही सांगितलं. पण तुझ्या बापाच्या बाबतीत नाही. त्या शास्त्रात असंही आहे, की मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं म्हणत फिरणाऱ्यांचं सगळं खरं धरू नका. गहू वेगळा, भुसा वेगळा."

"म्हणजे बाबा भुसा विकताहेत?"

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हणताय?"

ताकास तूर लागू द्यायची नाही असा त्यांचा विचार दिसला. मग म्हणाले, "तू चौकशी करतेस ना? मग एक गोष्ट बघ. त्या सगळ्या गोष्टींत ज्याला त्याला आपापल्या कामाचं स्वप्न पडतं. शेतात भाऊ पेंढ्या बांधतात, तर योसेफाला पेंढ्यांचं. राजाच्या देशाचं पोट नदीवर, तर त्याच्या स्वप्नातल्या गायी नदीतून वर येतात. पेलेवाल्याला द्राक्षं. राजाच्या त्या पाववाल्याला टोपल्या, कारण तो रोज टोपल्या डोक्यावर घेऊन राजवाड्यात जात असणार. योसेफाचा बाप दगड उशाला घेऊन झोपला, त्याला आभाळापर्यंतचा जिना दिसला, तोही त्या जागेतूनच वर चढलेला. देव बोलला तरी माणसाच्या घरातल्याच वस्तू वापरतो."

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," मी म्हटलं.

"तेच. आता घरी जा."

मी उठले. दाराशी त्यांनी पुन्हा थांबवलं. "पावाचं अजून एक स्वप्न आहे त्यात. गिदोन नावाचा एक माणूस असतो, त्याला लढायला जायचं असतं. देव त्याला सांगतो, भीती वाटत असेल तर आपल्या गड्याला बरोबर घे आणि शत्रूच्या छावणीपाशी जाऊन ऐक. तो जातो. तिथे एक शिपाई दुसऱ्याला स्वप्न सांगत असतो, की जवाची एक भाकरी गडगडत आली आणि तंबू उलटा करून गेली. ते ऐकून गिदोनाला धीर येतो."

"याचा इथे काय संबंध?"

"भीती वाटते म्हणून देव त्याला रागावत नाही. सोबत घेऊन जा म्हणतो, इतकंच."

मला त्यांचा रागच आला. सरळ बोलायचं सोडून माणूस गोष्टी का सांगतो? रस्त्याने चालताना मी त्यांची सगळी वाक्यं पुन्हा तपासली आणि मला त्यांत एकही खोट सापडेना. तेव्हा राग अजून वाढला, कारण काका निर्दोष असतील तर उरलं कोण?

दुकानात बाबा लाद्या सुट्या करत होते. मी काउंटरपाशी उभी राहिले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ते स्वप्न नेमकं काय होतं हो?"

"माझ्या डोक्यावर तीन टोपल्या होत्या. टोपल्यांत पांढरे पाव होते. सगळ्यात वरच्या टोपलीतले पाव पक्षी खात होते."

मंगळवारी संध्याकाळी, ते पायमोजे काढत असताना, मी तिसऱ्यांदा विचारलं.

"माझ्या डोक्यावर तीन टोपल्या होत्या. टोपल्यांत पांढरे पाव होते. सगळ्यात वरच्या टोपलीतले पाव—"

"पक्षी खात होते," मी म्हटलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली होती. मी काकांच्या पुस्तकांत चोर शोधत होते आणि चोर माझ्यासमोर पायमोजे काढत बसला होता.

तरी पद्धत म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा बुधवारी सकाळी मिळाला, आणि तो भिंतीवर होता. भट्टीशेजारी बाबांनी स्वतः खडूने लिहिलेले नियम आहेत, दर वर्षी ते अक्षर पुन्हा गिरवतात. हात धुवा. विडी बाहेर. आणि तिसरा: डोक्यावरून माल नेऊ नये, केस पडतात. पत्रे खांद्यावरच्या फळीवरून जातात. त्या फळीने बाबांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला आहे, लिंबाएवढा. डोक्यावर पत्रा घेतला म्हणून त्यांनी एकदा चांगल्या कारागिराला घरी पाठवलं होतं. टोपली तर आमच्या दुकानात नाहीच. कधी नव्हतीच.

मी त्यांना नियमांच्या समोर बोलावलं.

"बाबा, टोपल्या कुठून आल्या?"

"कुठल्या टोपल्या?"

"स्वप्नातल्या. तुम्ही डोक्यावर पाव घेतलात? तुम्ही?"

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग हातातल्या फडक्याकडे बघितलं. मी दाव्यांत हा क्षण शेकडो वेळा पाहिला आहे आणि दर वेळी मला बरं वाटतं. या वेळी वाटलं नाही.

"स्वप्नात माणूस काहीही करतो," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"ते स्वप्न दुसऱ्याचं आहे, बाबा. राजाच्या पाववाल्याचं."

ते पिठाच्या पोत्यावर बसले. मीही शेजारच्या पोत्यावर बसले.

"तुझ्याशी वाद कोण घालणार?" ते शेवटी म्हणाले. "नको म्हटलं तर का विचारशील. दुखतंय म्हटलं तर कुठे विचारशील. देवाने सांगितलं म्हटलं, की तुझी तरी बोलती बंद होईल असं वाटलं."

हे मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. माझ्या बापाला माझ्यासमोर घाबरायलाही पुरावा जोडावा लागत होता.

"मग खरं काय आहे?" मी विचारलं, आणि लगेच म्हटलं, "नसेल सांगायचं तर नका सांगू."

"स्वप्न पडलं तर होतं," ते म्हणाले. "पण ते असलं काही नव्हतं. मी भट्टीत... नाही, भट्टी नव्हती, ते बहुतेक स्टेशन होतं. की दवाखाना. तुझी आई, जिवंत होती तेव्हासारखीच, म्हणत होती, कपडे बदला, उशीर होतोय. आणि मला बटणं लागत नव्हती. हात पिठाने भरलेले. पीठ होतं की चुना, काय ते. मी तिला म्हणालो, जरा थांब. ती थांबली होती की गेली, ते आता आठवत नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी बावीस वर्षांत इतकी अडखळती, इतकी गोंधळलेली जबानी ऐकली नव्हती, आणि तिच्यातल्या एकाही शब्दावर मला शंका आली नाही.

"याचा अर्थ काय असेल?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत. काकांना विचारायचं?"

"नको. अर्थ मला कळलाय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला भीती वाटते गं."

मी त्यांना गिदोनाचं सांगितलं, जमेल तसं. भाकरी गडगडत येते आणि तंबू उलटा करते या भागाला ते जरा हसले. म्हणाले, "जवाची भाकरी असणार, जड असते. पाव काही तंबू पाडायचा नाही." मग विचारलं, "त्या गड्याने काय केलं?"

"काही नाही. बरोबर गेला."

"एवढंच?"

"एवढंच लिहिलंय म्हणे."

गुरुवारी सकाळी आम्ही वेळेच्या आधी पोचलो. हिब्रूकाका दवाखान्याच्या फाटकाबाहेर काठी टेकून उभे होते. आत ते काही आले नाहीत, पण तिथपर्यंत आले होते. मी त्यांना सोमवारच्या बोलण्याबद्दल माफ करा म्हटलं. त्यांनी हातानेच जा, जा म्हटलं.

वरच्या मजल्यावर नर्सने घडी केलेला हिरवा अंगरखा बाबांच्या हातात दिला. "आजोबा, कपडे बदला. उशीर होतोय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अंगरख्याला मागून नाड्या होत्या आणि त्यांना त्या सापडेनात, तेव्हा मी मागे जाऊन एकेक बांधल्या. खांद्यावरचा घट्टा हाताला लागला.

ते खाटेवर आडवे झाले. नर्स चाकांची खीळ सोडायला वाकली.

"तुला भीती वाटते का गं?" त्यांनी विचारलं.

"छे. सगळं नीट होणार आहे."

नर्सने खाट वळवली. दारापाशी ती कागद बघायला थांबली, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "वाटते का?"

"छे. सगळं नीट होणार आहे."

लिफ्ट यायला वेळ लागला. वरच्या आकड्यांकडे बघत, जणू सहज आठवलं म्हणून, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"छे," मी म्हटलं, "सगळं नीट होणार आहे."

"तिन्ही वेळा तेच," बाबा म्हणाले. "त्याच शब्दांत."

लिफ्टचं दार उघडलं. नर्सला मी क्षणभर थांबा म्हटलं, त्यांचा हात धरला आणि चौथ्यांदा सांगितलं. या वेळी मला एकही वाक्य धड पुरं करता आलं नाही.