काकाचा मामा

आमच्या प्रकाशनाच्या कचेरीत एक संगणकवाला होता. कुठलंही काम सांगा, "एका ओळीत होईल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. कादंबरी छापायला जायच्या दिवशी लेखिकाबाईंनी नायिकेच्या काकाचा मामा करायचं ठरवलं. संपादक म्हणाले, "एकेक पान वाचून बदलू या."

"वाचत कसले बसताय, साहेब!" म्हणत त्याने खरंच एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली. जिथे 'काका' ही अक्षरं दिसतील, तिथे 'मामा' घाल. ती शब्दाच्या पोटात असली तर सोडून दे, एवढं सांगायचं काही त्याला सुचलं नाही. मग स्वतःचीच पाठ थोपटत हा शहाणा चहा प्यायला गेला.

पुस्तक छापून आलं. पिंजऱ्यातला काकाकुवा मामाकुवा झाला होता. प्रेमिक चांदण्यात एकाकार व्हायचे, ते 'एमामार' झाले होते. प्रस्तावनेत एका बुजुर्ग टीकाकारांचे आभार होते; त्यांना 'थोर टीमामार' केलं होतं.

बाई तडक त्याच्या टेबलाशी आल्या. "हा काय चावटपणा आहे?"

"स्क्रिप्ट शंभर टक्के बरोबर आहे, बाई. तुमच्याच शब्दांत नको तिथे काका घुसलेत."

संपादकांनी प्रतींचे गठ्ठे, बरोबर शब्द छापलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि गोंद त्याच्यापुढे आणून ठेवला. बोटं चिकटून बसली, तरी येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐकवत होता, "दोष भाषेचा आहे हो!"